पार्सल नको

ऑपरेशननंतर सव्वादोन वर्षं मी चार माणसांत बसून जेवले नाही. आधी नाकात नळी होती, तेव्हा जेवणाचा प्रश्नच नव्हता. नळी निघाली, पेज सुरू झाली, पेजेनंतर गिचका भात आला, आणि त्याच दिवसांत कधीतरी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन जेवायला लागले. तसं कर असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी दार लोटते म्हटल्यावर ते कुणी उघडलंही नाही.

मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची. माहेर मुरगूडचं. आमच्या घरात आई, काकू, आत्या, सगळ्या मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी परसात उकिडवं बसून बोटानं दातांवर घासायची. मी अकराव्या वर्षी पहिल्यांदा लावली. पुढं डी.एड., बी.ए., बी.एड. सगळं झालं, लग्न होऊन कोल्हापुरात आले, बाई म्हणून नाव झालं, पण डबी पर्समध्येच राहिली. व्यसनाचे दुष्परिणाम या विषयावरचे मुलांचे निबंध मी तपासले आहेत, त्यांना शेरे दिले आहेत आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन मिश्री लावली आहे. हे मी आता लपवत नाही. लपवायचं ते वय पर्समधल्या डबीबरोबर गेलं.

गालाच्या आत जखम झाली, भरेना, तपासलं तर कॅन्सर. खालच्या जबड्याचा डावीकडचा अर्धा भाग काढला आणि पायातलं हाड घेऊन तिथं बसवलं. त्यानंतर महिना-दीड महिना रेडिएशन. मी वाचले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान. मी मान हलवली, कारण तेव्हा बोलता येत नव्हतं.

वाचल्यावर काय उरतं ते सांगते. डावीकडच्या ओठाला स्पर्श कळत नाही, तिथून घास ओघळला तरी मला पत्ता लागत नाही. तोंड दोन बोटांइतकंच उघडतं, म्हणून लहान मुलांचा चमचा लागतो. लाळ फार कमी सुटते, त्यामुळं प्रत्येक घासाबरोबर घोटभर पाणी. एका जेवणाला पाऊण तास, कधी तासही. प, ब, म ही अक्षरं नीट उमटत नाहीत, कारण ओठच पुरते मिटत नाहीत. शाळेनं मला वर्गावरून काढून ग्रंथालय दिलं. आणि तिखट अजिबात चालत नाही. जिभेला मिरचीचा नुसता वास लागला तरी तोंडात निखारा ठेवल्यासारखं होतं.

कोल्हापुरात तिखट न खाणारं माणूस म्हणजे एकतर अंगावर पिणारं पोर, नाहीतर अंथरुणाला खिळलेलं कुणीतरी. माझ्याच घरात दर बुधवारी आणि रविवारी तांबडा रस्सा व्हायचा, तो मीच करायची, आणि आमच्या पावण्यांत माझ्या रश्श्याचं नाव होतं. आता मी फोडणी देताना नाकाला पदर बांधते. बाहेरचं खाणं तर संपलंच. एकदा एका खानावळीतून यांनी सांगून सांगून बिनतिखटाचं म्हणून आणलं, तर खानावळवाला म्हणे, नुसतं दोनच चमचे चटणी टाकली हाय की.

तरी मला दार लोटून जेवायची सवय झाली होती. ती मोडावीशी वाटली कुरुंदवाडला, माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात. जेवणाची वेळ झाली तशी नणंद माझा हात धरून वरच्या खोलीत घेऊन गेली. माझं ताट तिथंच आणून ठेवलं, पंखा लावून दिला, आणि म्हणाली, इथं निवांत जेवा वहिनी, खाली गर्दीत कुठं बसताय. मला तिचं बरं वाटलं. एवढ्या घाईत माझी आठवण ठेवली म्हणून डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पाण्याचा तांब्या न्यायला मी परत जिन्यात आले, तर ती खालच्या पायरीवर तिच्या जावेला सांगत होती.

"वर बसीवलंय. नव्या पावण्यांसमोर बरं दिसत न्हाय ते."

मी वर गेले आणि जेवले नाही. ताट झाकून ठेवलं आणि खिडकीतून मांडवाकडं बघत बसले. खाली दोनशे माणसं जेवत होती. कुणाच्या मिशीला बासुंदी लागली होती, कुणी हात चाटत होतं, एक म्हातारा कवळी काढून रुमालात ठेवून वरण-भात ओरपत होता. त्याला कुणी वर बसवलं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडं गेले होते. दर महिन्याला जाते. ती मला ओठांचे व्यायाम देते, आरशासमोर 'पापड, पापड' म्हणायला लावते. त्या दिवशी ती सहज म्हणाली की ताराबाई पार्कात एक इराणी हॉटेल निघालंय, पर्शियन जेवण मिळतं, ती मैत्रिणींबरोबर गेली होती आणि सगळ्याजणी वैतागून आल्या. मी विचारलं, का. तर म्हणाली, अहो बाई, तिखटच नसतं त्यात. मिरची ठाऊकच नाही त्यांना. भात, कबाब, अक्रोडाचा रस्सा, सगळं गोडसर नाहीतर आंबट. सहा महिन्यांत बंद पडणार बघा.

मी तिला दोनदा विचारलं, खरंच तिखट नसतं का. तिला वाटलं मी हॉटेलवाल्याची कीव करतेय.

घरी आल्यावर यांना सांगितलं की येत्या रविवारी दुपारी आपण तिकडं जेवायला जायचं. यांचं उद्यमनगरात मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान आहे. बोलणं कमी, कामाला वाघ, आणि माझ्या आजारपणात या माणसानं माझं काय काय काढलंय ते मी इथं लिहीत नाही. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, चांगलं आहे, मी पार्सल घेऊन येतो की, घरात निवांत खाऊया.

"पार्सल नको," मी म्हटलं. "मला तिथं टेबलावर बसून जेवायचंय."

पार्सलमधला 'प' नेहमीसारखाच सांडला. पण त्यांना कळलं. पेपर खाली आला. ते हळूच म्हणाले की लोक बघतात गं, तुलाच त्रास होईल. मी म्हटलं, बघू देत. त्रास माझा आहे, माझा मी बघेन. तुम्हाला लाज वाटत असेल तर तसं सांगा, मी रिक्षानं एकटी जाते.

हे मी मुद्दाम लागेल असं बोलले. त्यांनी उठून गाडीची चावी जागेवर आहे का ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "रविवारी साडेबाराला निघूया."

एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर ते हॉटेल होतं. आत आठ-दहा टेबलं, भिंतीवर निळ्या फरशांची नक्षी, खिडक्यांना जाडसर पडदे. वेटरनं माझ्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं, आणि आम्हाला सरळ मागच्या बाजूला नेलं. तिथं पडदा लावलेली एक फॅमिली रूम होती. त्याचा हेतू वाईट नसावा. मी म्हटलं, इथं नको, आम्ही बाहेर बसतो. त्याला कळलं नाही. त्यानं यांच्याकडं बघितलं. हे बोलायला तोंड उघडणार तोवर मी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि पुन्हा सांगितलं, शब्द सुटे करून, जसं पाचवीच्या मुलांना शुद्धलेखन घालायचे तसं. तिसऱ्या वेळी त्याला कळलं. आम्ही मधल्या टेबलावर बसलो, खिडकीच्या उजेडात.

ऑर्डर घ्यायला मालकीणबाई स्वतः आल्या. तिशी-पस्तिशीच्या, ओढणी खांद्यावरून कमरेला बांधलेली, आणि बोलायला लागल्या तर पक्क्या शिरोळकडच्या. पुण्याला शिकायला गेल्या, तिथं वर्गातल्या एका इराणी मुलाशी लग्न केलं, आणि आता दोघांनी मिळून हे हॉटेल काढलं होतं. नवरा आत भटारखान्यात. मी विचारलं, तिखट कशाकशात असतं. त्या हसल्या.

"तिखट शून्य हाय बघा ताई. हितं येऊन लोक त्यासाठीच भांडत्यात."

मी त्यांना सांगितलं की मी त्यासाठीच आलेय. माझं काय झालं तेही सांगितलं, दोन वाक्यांत. त्यांनी ऐकून घेतलं, चेहरा फार पाडला नाही, आणि काय मऊ असतं, काय चावावं लागतं ते एकेक करून सांगितलं. मी स्वतः ऑर्डर दिली. सव्वादोन वर्षांनी मी हॉटेलात ऑर्डर देत होते.

आधी आश आलं. आपल्या पिठल्यापेक्षा थोडं पातळ, त्यात शेवया, शिजून मऊ झालेले हरभरे आणि ढीगभर पालेभाजी, वर आंबट दह्याचा पांढरा थर. मग केशराचा भात आणि खिम्याचे लांब कबाब, बरोबर भाजलेला टोमॅटो. भाताच्या बुडाला जी खरपूस पापडी धरते, ती ते लोक मानानं वेगळी काढून वाढतात. ती काही मला चावणार नव्हती. यांनी ती कुरुम कुरुम खाल्ली आणि मला खरंच हेवा वाटला.

कबाबवर लालभडक पूड भुरभुरली होती. हे एकदम पुढं झुकले आणि माझं ताट ओढून घेतलं. कोल्हापुरात लाल म्हणजे एकच. त्यांनी वेटरला हाक मारून जरा वरच्या आवाजात विचारलं, चटणी कशाला टाकली म्हणून. मालकीणबाई धावत आल्या. ती चटणी नव्हती. सुमाक नावाच्या फळाची पूड होती, आमसुलासारखी आंबट. यांनी स्वतः चाखून बघितली तेव्हा कुठं ताट सोडलं. मी चमच्याच्या टोकावर थोडी घेतली आणि जिभेवर ठेवली.

झोंबली थोडी. मग जिभेखाली पाणी सुटलं. माझ्या तोंडाला पाणी सुटणं म्हणजे काय, हे ज्यांची लाळ कधी आटली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मी तशीच बसून राहिले. हे घाबरून विचारत होते, जळतंय का, जळतंय का. मी नाही म्हणून मान हलवली आणि दुसऱ्यांदा घेतली.

नंतर अक्रोड वाटून डाळिंबाच्या रसात शिजवलेलं चिकन आलं. काळपट रंग, दिसायला काही खास नाही. मी ते भातात कालवून चमच्या चमच्यानं खात होते. रेडिएशननं चव गेलेली असते, हळूहळू येते म्हणतात, माझी आलीच नव्हती. दोन वर्षं सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागत होतं. त्या रश्श्यात मला आंबट कळलं, आणि आंबटाच्या मागून गोड कळलं. मी खात राहिले. डावीकडून ओघळलं, यांनी खूण केली की पुसलं, पुन्हा ओघळलं. मांडीवरच्या टॉवेलवर रश्श्याचे दोन डाग पडले. हे सगळं मला माहीत होतं आणि मी थांबले नाही.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब येऊन बसलं होतं. नवरा-बायको, सासूबाई असाव्यात अशी एक बाई. चांगल्या घरातली माणसं. सासूबाईंनी माझ्याकडं पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली. तेवढ्यानं भागलं नाही. गृहस्थांनी मालकीणबाईंना बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि सांगताना आमच्याकडं बघायचं शिताफीनं टाळलं. मालकीणबाई दोन्ही टेबलांच्या मध्ये घटकाभर उभ्या राहिल्या. मग आमच्याकडं आल्या.

"ताई, आतली खोली मोकळी हाय. एसी पण हाय. तिथं बसाय बरं पडंल तुम्हाला." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "रागवू नगा. नवीन धंदा हाय आमचा. मी आपलं नुसतं विचारतेय."

यांनी रुमालानं हात पुसले आणि खुर्ची मागं सरकवली. ते उठत होते. त्यांना वाटलं मी आता उठणार, रडणार, आणि घरी जायचं. एरवी तसंच झालं असतं. पण मला कुरुंदवाडच्या त्या वरच्या खोलीतला पंखा दिसला आणि झाकून ठेवलेलं ताट दिसलं.

"तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणतेय," मी म्हटलं. शब्द नीट यावेत म्हणून फार सावकाश बोलले, त्यामुळं माझा आवाज सगळ्या टेबलांना ऐकू गेला. "माझं जेवण अजून अर्धं आहे, मी ते इथंच संपवणार. ज्यांना त्रास होतोय त्यांना आत न्या. आत एसी आहे."

मालकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि शेजारच्या टेबलाकडं वळल्या. त्यांना म्हणाल्या की आतली खोली मोकळी आहे, तुमचं तिकडं लावते. गृहस्थ काहीतरी पुटपुटले. मग तिघंही उठली आणि पडद्यामागं गेली. जाताना सासूबाईंनी माझ्याकडं पुरतं वळून बघितलं. मी तोंडातला घास दाखवत तिच्याकडं बघत राहिले. हे काही शहाणपणाचं नव्हतं, पण मी केलं.

हे अजून अर्धवट उभेच होते. खाली बसले. त्यांचं जेवण केव्हाच झालं होतं. मला वाटलं आता म्हणतील, आवर लवकर. त्यांनी वेटरला बोलावलं आणि चहा मागवला. इराण्यांचा बिनदुधाचा चहा, काचेच्या लहान पेल्यात येतो. तो संपल्यावर दुसरा मागवला. दुसरा संपल्यावर तिसरा. या माणसाला दूध-साखरेशिवाय चहा पोटात जात नाही. तिन्ही पेले ते घोट घोट पीत माझ्यासमोर बसून राहिले, माझी ताटली रिकामी होईपर्यंत. दुपारचे अडीच वाजले होते.

बाहेर गाडीत बसल्यावर मी रडले. अपमान झाला म्हणून नव्हे, तो तर मी परत केला होता. सव्वादोन वर्षं मी स्वतःच दार लोटत होते याचा राग आला होता, आणि तो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

कोल्हापुरात बातमी पायानं चालत नाही. मंगळवारी नणंदेचा फोन आला. हॉटेलात म्हणे मी लोकांशी भांडले. ती समजुतीच्या सुरात म्हणाली की वहिनी, जेवायचंच होतं तर घरी मागवायचं, चारचौघांत कशाला शोभा करून घ्यायची. मी तिला विचारलं की कुरुंदवाडला त्या दिवशी माझं ताट जसंच्या तसं परत आलं होतं, ते तू बघितलंस का. ती विषय बदलायला लागली. मी म्हटलं, जिन्यात मी होते. फोन तिनं ठेवला की मी ठेवला ते आता आठवत नाही. पुढं काही महिने आमचं बोलणं नव्हतं. आता आहे, कामापुरतं. मला तेवढं पुरतं.

त्या हॉटेलात आम्ही नंतर बऱ्याचदा गेलो. पुढच्या खेपेला मालकीणबाईंनी काही न बोलता लहान चमचा आणून ठेवला. त्या दिवशी त्यांनी मला आत जायला सांगितलं होतं हे मी विसरले नाही, आणि त्याही विसरलेल्या नाहीत. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हॉटेल सहा महिन्यांत बंद पडलं नाही. गिऱ्हाइकांनी धोशा लावला म्हणून प्रत्येक टेबलावर आता ठेच्याची वाटी येते. त्यांच्या नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही म्हणे. आमच्या टेबलावरची वाटी हे आपल्याकडं ओढून घेतात आणि केशर भाताबरोबर खातात.

यंदा माघात मुरगूडला भावानं नवीन घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. ओसरीवर आणि सोप्यात पंगती बसणार होत्या. भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुझं ताट आत ठेवायला सांगू का. मी म्हटलं, पंगतीत बसते. वहिनीनं माझ्यासाठी बिनमिरचीचं वरण वेगळं ठेवलं होतं, ते घेऊन मी भिंतीकडेला बायकांच्या रांगेत बसले.

आमच्याकडं अजून पाळतात, पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. अर्ध्या तासात सगळ्यांचं झालं. माझा भात निम्मा राहिला होता. चाळीस-पन्नास माणसं उष्टे हात ताटावर धरून बसली. दुसरी पंगत अंगणात ताटकळत होती. कुणीतरी खाकरलं. समोरच्या रांगेत दोघं कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची यावर बोलायला लागले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मनात आलं, उठावं, काय एवढं. चमचा खाली ठेवलासुद्धा. मग पुन्हा उचलला.

शेजारी लांबच्या नात्यातली एक म्हातारी होती, दात काळे, हिरड्या काळ्या. ती मघापासून माझ्या तोंडाकडं बघत होती. सरळ विचारलं, कशानं झालं गं बाई हे. मी सांगितलं, मिश्रीनं. अकराव्या वर्षापासून लावत होते. तिचा डावा हात कमरेच्या पिशवीकडं गेला आणि तिथंच राहिला.

भाऊ वाढप्यांच्या मागून आला, माझ्या ताटात वाकून बघितलं, मग सगळ्या पंगतीकडं बघितलं. त्याला घाई होती, दिसतच होतं. तरी रिवाजाप्रमाणं विचारलं, "अजून भात वाढू?"

"वाढ," मी म्हटलं.